माईक चालू करण्याआधी...
(विहाराच्या वर्धापनदिनी कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटेल. वायर आणि पिना यांवर काय बोलायचे? पण १४ एप्रिलची जयंती असो, बुद्धपौर्णिमा असो की वर्षावासातले ग्रंथवाचन, आपला एकही कार्यक्रम माईकशिवाय होत नाही. माईक कोणत्या कंपनीचा, बॉक्स किती मोठे, यावर आपण रात्र-रात्र चर्चा करतो. वायर मात्र कुणाच्या तरी माळ्यावर सापडेल ती घेतो.

काही वर्षांपूर्वी वर्षावासात घडलेला प्रसंग आम्ही अजून विसरलेलो नाही. पावसाने ओटा ओला होता. आपल्या वस्तीतल्या एक आजी अनवाणी माईकपुढे आल्या आणि माईकला हात लावताच "अगं बाई" म्हणून मागे सरल्या. झटका बसला होता. दैव बरे, म्हणून हात सुटला. मागाहून शोधले तेव्हा कळले की, कर्ण्यातून सारखी घरघर येते म्हणून आम्हीच ॲम्प्लिफायरच्या पिनेतला अर्थिंगचा जाड दांडा काढून टाकला होता. घरघर गेली, पण तिच्याबरोबर संरक्षणही गेले. चूक आमची होती, म्हणून ती झाकून ठेवत नाही.

असे का झाले, ते समजून घ्या. मशीनच्या आत फेजची वायर सैल होऊन पत्र्याच्या बॉडीला टेकली, तर अर्थिंगमधून जोराचा करंट वाहतो आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर फ्यूज उडत नाही; बॉडी तशीच २३० व्होल्टवर राहते. माईकच्या वायरीवरची जाळी त्याच बॉडीला जोडलेली असते. म्हणजे झटका थेट माईकच्या दांड्यापर्यंत येतो. घरघर घालवायची असेल तर मिक्सर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावरून चालवा. तरीही गेली नाही, तर त्या दोघांमधल्या आवाजाच्या वायरीत आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावून घ्या. विजेच्या पिनेतल्या अर्थिंगला मात्र हात लावायचा नाही.

आता वायर कशी निवडायची? हिशेब सोपा आहे. सगळ्या उपकरणांच्या वॅटची बेरीज करा आणि तिला २३० ने भागा. १००० वॅटला सव्वाचार अँपिअरच्या आसपास येतात. पण आपले लोक त्याच बोर्डावर १००० वॅटचे दोन हॅलोजन लावतात. मग बेरीज होते ३००० वॅट, म्हणजे १३ अँपिअर. तिथे ६ अँपिअरची छोटी पिन चालणार नाही, १६ अँपिअरची मोठीच पाहिजे.

वायर तांब्याची, तीन तारांची, वरून जाड गोल आवरण असलेली आणि आयएसआय मार्कची घ्या. पिळाची दोन पदरी वायर मांडवात नकोच, तिच्यात अर्थिंगला जागाच नाही. तारेची जाडी चौरस मिलिमीटरमध्ये मोजतात. ३० मीटर लांब वायरीतून १० अँपिअर नेले, तर ०.७५ च्या वायरीत सुमारे १५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात, १.५ मध्ये सुमारे ८ आणि २.५ मध्ये ५ च्या आत-बाहेर. वाटेत खर्च झालेली वीज वायर तापवते. म्हणून निव्वळ साऊंडसाठी किमान १.५, आणि दिवेही असतील तर २.५ घ्या. गुंडाळी पूर्ण उलगडा. भेंडोळ्यातच ठेवलेली वायर तापून वितळते.

आता पिनांविषयी. सॉकेटमध्ये नुसत्या तारा खोचून काडीने दाबणे आजपासून बंद. तीन पिनांच्या प्लगमध्ये तपकिरी किंवा लाल तार फेजला, निळी किंवा काळी न्यूट्रलला, हिरवी किंवा हिरवी-पिवळी अर्थिंगला. अर्थिंगची तार आतून थोडी लांब ठेवा, म्हणजे ओढ बसली तर ती सर्वांत शेवटी सुटेल. स्क्रूखाली जाणाऱ्या तारेला डाग देऊ नका. दाबाखाली डाग हळूहळू बसतो आणि जोड सैल होतो. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर कुणी बनवली असेल तर ती आजच तोडा. तिचे एक टोक बोर्डात असताना दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिनांत २३० व्होल्ट असतात.

आणखी एक जुनी खोड आहे. स्पीकरच्या वायरीला आपण विजेचीच दोन पिनांची टोपी लावतो. अंधारात एखादे पोर ती बोर्डात घालते, मग स्पीकर जळतो, कधी आगही लागते. स्पीकरला फिरवून कुलूप होणारे स्पीकॉन कनेक्टर लावा, ते विजेच्या सॉकेटमध्ये जातच नाहीत. आणि १०० व्होल्ट लाईनवर चालणाऱ्या कर्ण्यांची वायरही झटका देते, ती उघडी ठेवू नका.

बोर्डाच्या सुरुवातीला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी त्याचे टेस्टचे बटण दाबून पाहा. तरीही कुणाला शॉक लागलाच तर त्याला हात लावू नका. आधी मेन स्विच बंद करा, मग १०८ ला फोन करा.

मित्रहो, यंदाच्या वर्गणीतून बॉक्सची दुसरी जोडी घ्यायची असा आपला विचार आहे. आमची विनंती आहे की, ती जोडी पुढच्या वर्षी घेऊ. यंदा चांगली वायर, पिना आणि आरसीसीबीचा बोर्ड घेऊ आणि विहाराचे अर्थिंग परवानाधारक वायरमनकडून तपासून घेऊ. आवाज थोडा कमी पोहोचला तर लोक दोन पावले पुढे येऊन बसतील. पण आपली आजी, आपली लेक माईकपुढे येईल तेव्हा तिने निर्धास्तपणे माईक हातात धरावा, एवढे तरी आपण पाहिलेच पाहिजे.

जयभीम! नमो बुद्धाय!