मुठीतली हवा



आज मी ज्या विषयावर बोलणार आहे तो ऐकून आपल्यापैकी काहींना हसू येईल. गोल्फच्या काठीची झिजलेली रबरी मूठ घरच्या घरी, दाबलेल्या हवेच्या साहाय्याने कशी बदलावी, हा तो विषय. गोल्फ हा आपल्यापैकी फार थोड्यांचा खेळ. आणि जे तो खेळतात त्यांना मुठी बदलून देणारी माणसे सहज मिळतात. मग एका शाळामास्तराने या भानगडीत का पडावे? माझ्या एका विद्यार्थ्याच्या हातावर भाजल्याचा डाग आहे आणि त्या डागात माझा वाटा आहे, हे त्याचे कारण.

मी बडोद्यास एका मराठी शाळेत विज्ञान शिकवतो. बडोद्याला हा खेळ अपरिचित नाही. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातच गोल्फचे मैदान आहे. आपल्या देशात तर तो फार जुना. कलकत्त्याचा रॉयल कॅलकटा गोल्फ क्लब १८२९ साली निघाला, आणि ब्रिटिश बेटांबाहेरील सर्वांत जुना गोल्फ क्लब म्हणून त्याची गणना होते. खेळणारे बहुधा साहेब, संस्थानिक, मोठे अधिकारी. परंतु त्यांच्या काठ्यांची पिशवी खांद्याला अडकवून उन्हातान्हात मागून चालणारा कॅडी हा गरीब वस्तीतला माणूस. या माणसांची मुले मैदानाच्या कडेला उभी राहून खेळ पाहातात, आणि कोणी टाकून दिलेली काठी हाती आली की तिच्यावर हात बसवतात. एस. एस. पी. चौरासिया या खेळाडूचे वडील कलकत्त्याच्या त्याच क्लबात हिरवळीची निगा राखण्याचे काम करीत. मुलाने २००८ साली दिल्लीस इंडियन मास्टर्स ही स्पर्धा जिंकली, आणि पुढे २०१६ व २०१७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंडियन ओपनही जिंकली. हे नाव माझ्या त्या विद्यार्थ्याने मला प्रथम सांगितले.

त्याचे वडील कॅडी. मुलगा दहावीत होता. कोणा दयाळू खेळाडूने वडिलांना तीन जुन्या काठ्या दिल्या होत्या. लोखंडी डोकी शाबूत होती, पोलादी दांड्या सरळ होत्या. मात्र मुठी अशा गुळगुळीत झाल्या होत्या की, हाताला घाम आला म्हणजे काठी मासळीसारखी निसटे. एकदा ती खरोखरच निसटली आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या मुलाच्या कानाजवळून गेली.

मुठीचे महत्त्व मला त्या वेळी ठाऊक नव्हते. पुढे कळले ते सांगतो. पट्टीच्या व्यावसायिक खेळाडूच्या लांब काठीचे डोके चेंडूवर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे १८० किलोमीटर असतो. चेंडूचे वजन अवघे ४६ ग्रॅमच्या आसपास. एवढा वेग सांभाळणारे माणसाचे शरीर काठीला एकाच ठिकाणी स्पर्श करीत असते, ते म्हणजे मूठ. मूठ घसरू लागली की माणूस ती अधिक घट्ट धरतो. घट्ट धरली की मनगटे ताठरतात. आणि मनगटे ताठरली की खेळ बिघडतो. पूर्वी या मुठी चामड्याची पट्टी गुंडाळून करीत. अमेरिकेत थॉमस फॉविक नावाच्या संशोधकाने १९४९ साली रबरी मुठींचा कारखाना काढला, आणि पुढे ओढून बसवायची रबरी मूठ सर्वत्र रूढ झाली. योगायोग असा की, याच फॉविकने पूर्वी रबरी नळीत दाबलेली हवा भरून चालणारा यंत्रांचा क्लच तयार केला होता. रबर आणि हवा यांची मैत्री त्याला चांगलीच परिचयाची होती.

आता माझ्या चुकीकडे येतो. एके दिवशी मधल्या सुट्टीत मी वह्या तपासीत बसलो होतो. मुलगा आला आणि म्हणाला, "सर, मुठी बसवून द्यायला दुकानात फार पैसे मागतात. घरी बसवता येतील का?" प्रश्न मला आवडला. मी वहीवरून मान वर न करताच त्याला रीत सांगितली. दांडीला दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी लावायची, तिच्यावर थिनर ओतायचे, म्हणजे गोंद निसरडा होतो. मूठ झटकन सरकवायची. थिनर उडून गेले की गोंद पुन्हा धरतो. "थिनर नसेल तर पेट्रोलही चालेल," असे मी वर म्हणालो. शास्त्रदृष्ट्या यातले एकही वाक्य खोटे नव्हते. परंतु पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरत जाते, आणि शून्याखाली चाळीस अंश इतक्या थंडीतही पेट्रोलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते, हे मी सांगितले नाही. दरवर्षी वर्गात शिकवतो. त्या दिवशी वह्या तपासायच्या होत्या.

मुलाने वडिलांच्या मोपेडमधून वाटीभर पेट्रोल काढले. घर एका खोलीचे. ठिबकणारे पेट्रोल वाया जाऊ नये म्हणून त्याने जमिनीवर परात ठेवली होती. खोलीच्या दुसऱ्या टोकाला आई भाकरी करीत होती. शेगडी आणि परात यांत सात-आठ पावलांचे अंतर होते, आणि ते पुरेसे आहे असे कोणालाही वाटले असते. भडका उडाला तेव्हा आईने ओली गोधडी टाकली म्हणून घर वाचले. मुलाचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला.

मी भेटायला गेलो. मला रागे भरतील, अशी माझी अपेक्षा होती; खरे सांगायचे तर इच्छाही होती. आईने पाट दिला, चहा दिला, आणि म्हणाली, "सरांनी सांगितलं होतं, म्हणून आम्ही कुणी त्याला अडवलं नाही." तिच्या बोलण्यात ठपका नव्हता. तो असता तर ते वाक्य इतके दिवस माझ्या मनात राहिले नसते.

त्यानंतर पेट्रोल, थिनर यांतले काहीही न वापरता मूठ बसवता येईल का, याचा मी शोध सुरू केला. उत्तर पुष्कळांना माहीत असलेलेच निघाले, आणि ते आपल्या घरातही आहे. बोटांना चिकटून बसलेला रबरी हातमोजा काढायचा झाल्यास आपण त्यात फुंकर मारतो. रबर फुगते, बोटापासून सुटते, आणि मोजा अलगद निघतो. गोल्फच्या मुठीचेही तसेच आहे. तिचे एक तोंड उघडे असते. दुसऱ्या टोकाला टोपी असते आणि टोपीच्या मधोमध एक बारीक छिद्र असते. त्या छिद्रातून दाबलेली हवा सोडली की रबर फुगते, दांडी व रबर यांच्यामध्ये हवेचा पातळ थर तयार होतो, आणि त्या थरावरून मूठ सरकते. हवा बंद केली की रबर आवळते आणि दांडीला घट्ट धरते. पेटणारे काही नाही, वाळण्याची वाट पाहणे नाही.

ही हवा किती जोर करते याचा हिशेब मी वर्गात फळ्यावर मांडला. मुठीच्या आतल्या भोकाचा व्यास सुमारे दीड सेंटिमीटर, लांबी सुमारे २७ सेंटिमीटर. म्हणजे आतला पृष्ठभाग अंदाजे १२७ चौरस सेंटिमीटर भरतो. दर चौरस इंचास ६० पौंड दाब म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ४ किलो. गुणाकार केला तर एकूण जोर पाचशे किलोच्या घरात जातो. उघड्या तोंडाशी हवा निसटत असल्यामुळे प्रत्यक्षात तो याहून कमी असतो. तरीही पन्नास ग्रॅमच्या रबरी नळीच्या मानाने हा जोर फार मोठा आहे. म्हणूनच या वेळी मी आधी धोके सांगणार आहे आणि मग कृती.

पहिला धोका डोळ्यांना. मूठ फाटू शकते किंवा सुटून उडू शकते. म्हणून चष्मा, तोही कामगार वापरतात तसा बाजूंनी बंद असलेला, घातल्याशिवाय हवेची कळ दाबू नये. दुसरा धोका कातडीला. दाबलेल्या हवेची नळी थट्टेनेही कोणाच्या अंगावर रोखू नये. ती हवा कातडीखाली शिरू शकते आणि मोठी इजा करू शकते. तिसरा धोका असा की दांडी पोकळ असते. हवा दांडीत शिरून दाब साठू नये यासाठी दांडीचे वरचे तोंड पट्टीने झाकावे, आणि काठीचे डोके ज्या दिशेस असेल त्या दिशेस कोणी उभे राहू नये. चौथी गोष्ट, दाब एकदम वाढवू नये. मी ४० पौंडांपासून आरंभ करतो आणि जरुरीपुरता चढवतो. दाबमापक नसलेला कॉम्प्रेसर या कामाला वापरू नये.

आता कृती. आमच्या वाड्यात लाकडी सामानावर फवाऱ्याने रंग मारणारे एक शेजारी आहेत. त्यांचा लहान कॉम्प्रेसर आम्ही मागून आणला, आणि नळीच्या तोंडाला रबरी शंकूचे टोक लावले. जुनी मूठ गोंदाने चिकटवलेली असेल तर ती हवेने सहसा निघत नाही. ती आकड्यासारख्या पात्याने, धार अंगापासून दूर ठेवून कापावी लागते. दांडी पोलादी असेल तर चिंता नाही. परंतु कार्बनच्या तंतूंची असेल तर पाते दांडीला लागू देऊ नये, कारण तंतू कापले गेले की दांडी पुढे केव्हातरी मोडते. मग जुना गोंद खरवडून दांडी कोरडी पुसावी.

रंगारी लोक कडा झाकण्यासाठी जी कागदी चिकटपट्टी वापरतात, तिचा एक थर दांडीवर लावावा. गोंदाची बाजू दांडीकडे, गुळगुळीत बाजू बाहेर. पट्टीचे टोक वर दुमडून दांडीचे तोंड बंद करावे. काठी व्हाइसमध्ये धरावी, पण दांडी चेपू नये म्हणून जबड्यात रबराचा तुकडा घालावा. मुठीचे उघडे तोंड पिळत पिळत इंच-दीड इंच दांडीवर चढवावे. मग शंकू टोपीच्या छिद्रात घट्ट दाबून हवा सोडावी. दुसऱ्या हाताने मुठीला वेढा घालावा, म्हणजे ती एकाच जागी फुग्यासारखी फुगून फाटत नाही. नेटाने ढकलले की मूठ चालू लागते. दांडीचे टोक टोपीला टेकेपर्यंत ती न्यावी, मुठीवरील खूण काठीच्या डोक्याशी जुळवावी, आणि हवा सोडून द्यावी. खूण वाकडी बसली असेल तर पुन्हा थोडी हवा देऊन ती फिरवता येते. शेवटी दोन्ही हातांनी मूठ पिळून पाहावी. ती तसूभरही फिरली तर त्या काठीने खेळू नये. आतली पट्टी आणखी एका थराने जाड करून मूठ पुन्हा बसवावी.

ही रीत प्रत्येक मुठीला लागू पडत नाही, हेही सांगितले पाहिजे. रबरात सुताचा दोरा विणलेल्या मुठी कमी ताणतात आणि फार त्रास देतात. चेंडू भोकात ढकलण्यासाठी जी आखूड काठी असते, तिच्या काही मुठींचे रबर एका बाजूस पातळ असते. ते हवेने फाटण्याची भीती असते. तिथे आपला हट्ट चालवू नये.

या रीतीचा आणखी एक लाभ आहे, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने तोच सर्वांत मोठा ठरला. गोंदाने बसवलेली मूठ काढताना कापावी लागते, म्हणजे ती कायमची गेली. हवेने बसवलेली मूठ हवेनेच जशीच्या तशी काढता येते. त्यामुळे एका काठीची मूठ दुसरीला घालता येते. आम्ही दोनच नव्या मुठी विकत घेतल्या. जो सराव करायचा असेल त्याप्रमाणे त्या दोन मुठी तीन काठ्यांवर फिरवायच्या, असे ठरले. पाच मिनिटांचे काम.

पहिली मूठ आम्ही आमच्या ओसरीवर बसवली. मुलाच्या हाताची जखम तेव्हा भरली होती, नवी कातडी गुलाबी दिसत होती. मी सगळी मांडामांड केली, कॉम्प्रेसर सुरू केला आणि नेहमीच्या सवयीने म्हणालो, "हं, आता ही नळी घे आणि या छिद्रात धर."

त्याने नळी घेतली नाही. दोन्ही हात मागे ठेवून तो म्हणाला, "सर, यात काय काय होऊ शकतं ते आधी सांगा."

मी कॉम्प्रेसर बंद केला. आम्ही दोघे ओसरीच्या पायरीवर बसलो, आणि आत्ता आपणांस सांगितलेले चारही धोके मी त्याला एकामागून एक सांगितले. त्याने ते वहीत उतरवून घेतले. मग माझ्याकडून चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर नीट बसवला, आणि नळीसाठी हात पुढे केला.

आता वर्गात कोणी काही करून पाहण्याची रीत विचारू लागला म्हणजे मी हातातली वही मिटून बाजूला ठेवतो. वह्या त्या दिवशी तपासून होत नाहीत. मुले त्याबद्दल तक्रार करीत नाहीत.