नांदायला कुणी जायचं?

(युवा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



मी काही वक्ता नाही. इंजिनिअरिंग केलं आणि गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतोय. आज मला बोलावलंय ते माझ्या लग्नामुळे. माझी बायको जर्मन आहे, पेशाने नर्स. आमचं लग्न पुण्यात विशेष विवाह कायद्याखाली झालं. पहिली अडीच वर्षं आम्ही पुण्यात राहिलो, त्यानंतरची चार जर्मनीत. तुमच्यातले बरेच जण परदेशी शिकायला, नोकरीला जाल आणि काही जण तिथेच जोडीदार निवडाल. त्यांच्यासाठी बोलतोय.

लग्न ठरलं तेव्हा अम्मीने धरूनच चाललं होतं की सून घरी येणार. पुढे आम्ही जर्मनीला निघालो, तेव्हा फुफी म्हणाली, "काय रे, घरजावई झालास की!" सगळे हसले, मीही हसलो. पण बघा, मुलगी सगळं सोडून गेली की आपण म्हणतो ती नांदायला गेली. मुलगा गेला की तोच टोमणा होतो. म्हणजे कुठे राहायचं याचं उत्तर आपण प्रश्न विचारण्याआधीच देऊन टाकलेलं असतं.

हे फक्त आपल्या घरांत चालतं असं समजू नका. सरकारंही असाच विचार करत आली आहेत. परदेशात जन्मलेल्या मुलाला भारताचं नागरिकत्व फक्त वडिलांकडून मिळायचं. आईकडूनही मिळू लागलं ते १९९२च्या दुरुस्तीनंतर. जर्मनीतही लग्नाच्या मुलांना आईकडून नागरिकत्वाचा पूर्ण हक्क मिळायला १९७५ साल उजाडलं.

ब्रिटनचा एक खटला सांगतो. नर्गिस अब्दुलअझीझ ही मलावीत जन्मलेली, ब्रिटनमध्ये कायदेशीर राहणारी बाई. तिचा नवरा आपल्या शेजारच्या दमणमध्ये जन्मलेला, तिथून पोर्तुगालला गेलेला. त्याला तिच्याजवळ राहायची परवानगी नाकारली. तिच्यासारख्याच आणखी दोघी होत्या. त्या वेळी ब्रिटनमध्ये स्थायिक पुरुषाला बायको आणणं सोपं होतं आणि बाईला नवरा आणणं अवघड. प्रकरण स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयात गेलं. १९८५मध्ये निकाल लागला की हा स्त्री-पुरुष भेदभाव आहे. तिघी जिंकल्या. मग सरकारने काय केलं? बायकांसाठीचे नियम सैल केले नाहीत, पुरुषांसाठीचे कडक केले. त्याच निकालात न्यायालयाने हेही म्हटलं की जोडप्याने राहायला निवडलेला देश सरकारने मान्य केलाच पाहिजे, असं सर्वसाधारण बंधन नाही. म्हणजे तुमचा निर्णय तुम्हा दोघांचा असला, तरी दार उघडणारा तिसराच असतो.

म्हणून माझं म्हणणं असं आहे. "तुझा देश की माझा देश" यावर भांडू नका. आधी हे बघा, की आपला देश सोडून येणारा माणूस दुसऱ्याच्या किती हातात राहणार आहे.

आमचंच उदाहरण घ्या. पुण्यात बायकोला भारतीयाची पत्नी म्हणून एन्ट्री व्हिसा मिळाला. त्यावर राहता येतं, नोकरी करता येत नाही. ओसीआय कार्ड मिळायला लग्नाची नोंदणी होऊन सलग २ वर्षं जावी लागतात. तोपर्यंत हॉस्पिटलात रात्रपाळ्या करणारी, स्वतःच्या पगारावर जगणारी बाई भाजीलासुद्धा माझे पैसे घेत होती. मी कधी हिशेब विचारला नाही. पण मागणाऱ्याला मागावं लागतंच. ओसीआय मिळालं तरी मतदान नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही, आणि लग्न मोडलं तर ते कार्ड रद्द होऊ शकतं.

जर्मनीत पारडं फिरलं. जाण्याआधी मी पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात जर्मनची ए-वन परीक्षा दिली. जर्मन माणसाच्या जोडीदाराला साधारणपणे ती लागते. राहण्याच्या परवान्यासोबत नोकरीची मुभा पहिल्या दिवसापासून मिळाली. संसार तिथे ३ वर्षं झाला की पुढे लग्न टिकलं नाही तरी स्वतःच्या नावावर परवाना मिळू शकतो. घरात छळ होत असेल तर त्याआधीही. हे कलम मी मुद्दाम वाचलं. बायकोवर भरवसा नाही म्हणून नव्हे. परवान्यासाठी एकत्र राहणं आणि मनापासून एकत्र राहणं यांत फरक असतो, म्हणून.

आपल्या समाजात आणखी एक गोष्ट आहे. काहींची नाती सीमेपलीकडे आहेत. जी व्यक्ती पाकिस्तान किंवा बांगलादेशची नागरिक आहे वा होती, किंवा जिचे आईवडील, आजीआजोबा, पणजोबा-पणजी यांपैकी कुणी होतं, तिला ओसीआय मिळत नाही. जोडीदाराच्या पणजोबांचं नागरिकत्व विचारणं विचित्र वाटेल. तरी शब्द देण्याआधी विचारा.

आता चार प्रश्न देतो. लग्नाच्या हॉलची तारीख घेण्याआधी दोघांनी बसून लेखी उत्तरं काढा.

एक, येणाऱ्याला नोकरी कधीपासून करता येईल, आणि त्याची पदवी तिथे चालेल का? इंजिनिअरचं सहज निभतं. डॉक्टर, नर्स, वकील, शिक्षक यांना नव्याने मान्यता घ्यावी लागू शकते.

दोन, लग्न मोडलं किंवा जोडीदार वारला, तर त्याच देशात राहायचा हक्क उरतो का?

तीन, मुलांचा पासपोर्ट कुठला? भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. आमच्या मुलीचा पासपोर्ट जर्मन आहे, भारतासाठी ओसीआय. आणि भांडण झालं तर मुलं कुठल्या देशात राहणार? मुलांना परस्पर दुसऱ्या देशात नेण्याबाबतच्या १९८०च्या हेग करारात भारत नाही, जर्मनी आहे. हे दोघांनाही आधी ठाऊक हवं.

चार, म्हातारपणी कुणाच्या आईवडिलांकडे कोण बघणार? इथे माझी जीभ अडखळते. अब्बांची बायपास झाली तेव्हा मी तिसऱ्या दिवशी पोचलो. तोवर आपा हॉस्पिटलात बसून होती. पैसे त्याच रात्री पोचले होते, पण रक्त द्यायला, डॉक्टरांशी बोलायला पैसा जात नाही, माणूस जातो. परदेशी राहणाऱ्याच्या वाटचं बरंचसं मागे राहिलेली बहीण करते. तिला विचारल्याशिवाय तुमचा निर्णय पूर्ण होत नाही.

निकाह करणाऱ्यांना एक सांगतो. निकाह हा करार आहे, त्यात अटी लिहिता येतात. हंबली फिकहमध्ये तर बायकोला तिच्या गावाबाहेर नेणार नाही ही अट वैध मानली आहे. ती मोडली तर तिला निकाह रद्द करून मागता येतो. आपण मेहेरची रक्कम तेवढी भरतो आणि बाकी कागद कोरा सोडतो. कुठे राहायचं, तिचं शिक्षण, तिची नोकरी, सगळं लिहा. भारतातल्या कोर्टात अशी अट कितपत टिकेल हे वकिलाला विचारून घ्या, पण लिहिताना जे बोलणं होतं तेच निम्मं काम करतं.

आणि घेतलेला निर्णय कायमचा समजू नका. आम्ही तारीख ठरवली आहे. मुलगी सहा वर्षांची होऊन शाळेत जायच्या आधीच्या उन्हाळ्यात पुन्हा बसायचं, पुणे की जर्मनी, शून्यापासून. त्या बैठकीत बायकोचं मत जड की माझं, हे कुणाच्या देशात बसलोय त्यावरून ठरणार नाही. आज ती नोकरी करते, मी नोकरी करतो, दोघांचे परवाने भक्कम आहेत. म्हणूनच दोघांनाही "नाही" म्हणता येतं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या होकाराला निर्णय म्हणू नका.

प्रश्न असतील तर विचारा, मी इथेच आहे.