पडदा बंद केल्यावर



शिक्षिका होण्याचे शिक्षण घेणारी एक मुलगी मला म्हणाली, "डॉक्टरकाका, वर्गात पडद्यावर धडा लावला की मुले गप्प बसतात. पण ती शिकली का, हे कसे ओळखायचे?"

सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली 'ग्लोबल टीचर प्राइझ' मिळाले. पाठ्यपुस्तकातील त्यांच्या क्यूआर कोडची चर्चा सर्वत्र झाली. पण तिथल्या मुलांच्या घरची भाषा कन्नड होती. गुरुजी ती शिकले आणि पुस्तके मुलांना समजतील अशी केली. कोड कामी आला तो या मेहनतीमुळे.

आम्ही होमिओपॅथीवालेही गोळी देण्याआधी रुग्णाचे सारे ऐकून घेतो. मी तिला सांगितले, दहा मिनिटे दाखव, मग पडदा बंद कर आणि मुलांना त्यांच्या शब्दांत सांगू दे.

आपल्या बेळगावकडच्या मुलांच्या घरी मराठी, रस्त्यावर कन्नड आणि पडद्यावर बहुधा इंग्रजी. म्हणून मराठी शाळेला स्मार्ट बोर्ड देणगी देताना तुम्ही एक तास वर्गात बसा. पडदा बंद झाल्यावर मुले धडा मराठीत सांगू लागली, तर देणगी सत्कारणी लागली म्हणा.