कोसबादच्या अनुताई
(संघाच्या वार्षिक संमेलनात पालघर येथे केलेले भाषण)



आपल्या संमेलनात दरवर्षी एखाद्या गुरुजनाचे स्मरण करण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम चिटणीसांनी मजकडे सोपविले आणि सोबत ज्ञातीतील दोन-तीन दिवंगत हेडमास्तरांची नावेही सुचविली. ती सर्व माणसे थोर होती यात शंका नाही, आणि त्यांच्याविषयी आपल्या स्मरणिकेच्या जुन्या अंकांतून पुष्कळ लिहून झालेले आहे. मी मात्र ज्ञातीबाहेरील, किंबहुना या जिल्ह्याबाहेर जन्मलेल्या एका शिक्षिकेविषयी बोलण्याची अनुज्ञा मागितली. कार्यकारी मंडळाने थोडी चर्चा करून ती दिली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. त्या शिक्षिका म्हणजे श्रीमती अनुताई वाघ.

पालघरहून निघालेली गाडी बोईसर, वाणगाव, डहाणू रोड ही स्टेशने मागे टाकून घोलवडला पोहोचते. तेथून समुद्राच्या अंगास बोर्डी आणि डोंगराच्या अंगास कोसबाद. अनुताईंच्या आयुष्यातील सत्तेचाळीस वर्षे या एवढ्याशा टापूत गेली. त्या १९४५ साली आल्या आणि २७ सप्टेंबर १९९२ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर त्यांनी हा मुलूख सोडला नाही. आपल्यापैकी किती जणांनी त्यांना पाहिले असेल, हे मी विचारीत नाही. तासा-दीड तासाच्या अंतरावर राहून आपण त्यांच्याकडे किती वेळा गेलो, हा प्रश्न मला स्वतःलाच अडचणीचा आहे.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० रोजी पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. तेराव्या वर्षी विवाह झाला आणि सहा महिन्यांच्या आतच वैधव्य आले. त्या काळी असे प्रसंग एका विशिष्ट ज्ञातीतच घडत होते असे समजण्याचे कारण नाही. प्रत्येकाने आपापल्या घराण्याची वंशावळ उघडून तीत नुसते ‘बालविधवा’ एवढ्याच शब्दांत संपलेली नावे मोजावी. अनुताईंचे नाव असे संपले नाही, कारण त्या शिकल्या. व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिक्षिकेचे शिक्षण घेतले, नाशिक जिल्ह्यातील खेड्यांत चार वर्षे नोकरी केली आणि पुढे पुण्यास हुजूरपागेत बारा वर्षे शिकविले. दिवसा नोकरी व रात्री रात्रशाळा, अशा रीतीने त्या मॅट्रिक झाल्या.

१९४५ मध्ये कस्तुरबा ट्रस्टतर्फे ग्रामसेविकांसाठी बोरिवली येथे शिबिर भरले. त्या शिबिरात ताराबाई मोडक आणि अनुताई यांची गाठ पडली. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासह बालशिक्षणाचे काम करून त्यांनी मोठा लौकिक मिळविला होता, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघाच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता. आता हे शिक्षण शहरातील सुखवस्तू मुलांपुरते न ठेवता खेड्यात न्यावे, असे त्यांच्या मनाने घेतले होते. अनुताई पस्तीस वर्षांच्या. हातात पुण्याची कायमची नोकरी. ती सोडून त्या ताराबाईंबरोबर बोर्डीस आल्या. आचार्य भिसे यांच्यासारख्या शिक्षकांमुळे बोर्डी हे विद्येचे गाव म्हणून आधीच प्रसिद्ध होते. तेथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झाले.

याच वर्षी, मे महिन्यात, तलासरीकडील झरी गावी वारल्यांची मोठी परिषद झाली आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ व लग्नगडीची पद्धत झुगारून देण्याचा निश्चय झाला. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराच्या घरी राबत राहावे, ही ती पद्धत. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण अनुताई ज्या मुलांसाठी आल्या त्यांचे आईबाप हेच होते. आणि वारल्यांना राबविणाऱ्या जमीनदारांत व वाडीवाल्यांत आपल्या बाजूच्या सर्व ज्ञातींची माणसे होती. आपली नव्हती असे छातीवर हात ठेवून म्हणण्याचे धैर्य मला नाही.

बोर्डीस बालवाडी उघडली. गावातील बऱ्या घरांची मुले आली. हरिजनांची व आदिवासींची मुले येईनात. अशा वेळी सामान्यतः शाळा काय म्हणते हे आपण जाणतो. या लोकांना शिक्षणाची गोडीच नाही, असे म्हणून हजेरीपट मिटला जातो. ताराबाई व अनुताई यांनी उलट असे ठरविले, की मुले शाळेकडे येत नसतील तर शाळेने मुलांकडे जावे. त्यांच्या वस्तीत, त्यांच्याच अंगणात वर्ग भरू लागला. ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सर्वांच्या तोंडी आहे. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या सरकारच्या एकात्मिक बालविकास योजनेने तो देशभर नेला. त्याचा उगम आपल्या या किनाऱ्यावरच्या अंगणांत आहे, हे आपल्या मुलांना क्वचितच सांगितले जाते.

वाडी म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. रोप कोठे लावावे, पाणी किती द्यावे, कोणत्या वाऱ्यापासून राखावे, हे ज्याला कळते तो वाडीवाला. अनुताईंची वाडी त्याच जातीची होती. सकाळी वस्तीवर जावयाचे, मुले गोळा करावयाची, त्यांना आंघोळ घालावयाची, केस विंचरावयाचे, नखे कापावयाची. मग गाणी, गोष्टी, खेळ. माँटेसरी पद्धतीची लाकडी साधने महाग, म्हणून शिंपले, चिंचोके, खडे, पाने व बिया यांवर मोजणे आणि रंग-आकार ओळखणे शिकविले जाई. मला यातील काटकसरीचे तितकेसे कौतुक वाटत नाही. मुलाच्या हाताला रोज लागणाऱ्या वस्तूच त्याला विद्येचे साधन म्हणून परत देणे, यात त्या मुलाच्या घराविषयी जो आदर आहे तो मला मोठा वाटतो.

पुढे १९५६-५७ च्या सुमारास हे काम कोसबादच्या टेकडीवर गेले. तेथे भोवती वारल्यांचे पाडे. येथे नवीच अडचण उभी राहिली. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येऊ शकत नसे, कारण आईबाप कामावर गेले की कडेवरचे भावंड तिच्याकडे. त्यावर विकासवाडी निघाली. पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी असल्यामुळे तान्हे मूल पाळण्यात, मधले बालवाडीत आणि ताई वर्गात, अशी व्यवस्था झाली. मुलगे गुरांमागे जात. त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरविण्यात आली. तिचे नाव कुरणशाळा.

कुरणशाळेविषयी मी प्रथम वाचले तेव्हा मला वाचन थांबवावे लागले. माझ्या बालपणी, १९५५-६० च्या दरम्यान, आमच्या घरी गुरे राखावयास एक वारली मुलगा होता. वयाने माझ्याएवढाच. मी शाळेस निघालो की तो गुरे सोडी, आणि बांधापर्यंत आमची वाट एकच असे. तेथवर माझे दप्तर तो वाही. बांधावर मी ते घेई व शाळेकडे वळे. तो कुरणाकडे वळे. हे कित्येक वर्षे चालले. माझे वडील सज्जन होते, त्या मुलास पोटभर जेवावयास मिळे, सणास कपडा मिळे. पण त्याने शाळेत जावे असे घरात कोणी म्हटल्याचे मला आठवत नाही, आणि मीही कधी म्हटले नाही. पावसाळ्यानंतर एके वर्षी तो आला नाही. त्याच सुमारास कोसबादला त्याच्यासारख्या मुलांमागे शाळा चालत जात होती. आमच्या कुरणात ती आली नाही, कारण आमच्या बाजूस एकही अनुताई नव्हती. आणि असती तर आम्ही तिला गुरांच्या वेळेत मुलाला शिकवू दिले असते की नाही, हेही मला ठाऊक नाही.

ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या. कल्पना ताराबाईंच्या व राबणूक अनुताईंची, असा एक समज त्या दोघींविषयी आहे. तो मला अर्धाच खरा वाटतो. ताराबाईंच्या मागे जवळजवळ वीस वर्षे अनुताईंनी कोसबाद चालविले, बालवाडीच्या सेविका तयार केल्या, मासिके संपादित केली, ‘कोसबादच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन लिहिले, आणि सत्तरी ओलांडल्यावर, १९८२ साली, रमेश पानसे यांच्यासह ग्राममंगल ही नवी संस्था उभी केली. उधारीच्या कल्पनांवर एवढे होत नाही. १९८५ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

१९६९ साली तारापूरला अणुविद्युत् केंद्र सुरू झाले, पुढे बोईसरला कारखाने आले, आणि आपल्या ज्ञातीतील शेकडो मुले शिकून तेथे नोकरीस लागली. ही आपल्या अभिमानाची गोष्ट आहे. १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज आपल्या गावोगावच्या पाड्यांवर अंगणवाडी सेविका व मदतनीस काम करीत आहेत. तान्ह्यांची वजने, खाऊ, लसीची आठवण, बालगीते आणि त्याखेरीज वह्या-नोंदी, हे सारे पगार न म्हणता ‘मानधन’ म्हणून दिल्या जाणाऱ्या रकमेवर. आपल्या वाड्यांत चिकू उतरविणाऱ्या बायांची मुले दिवसभर ज्यांच्याकडे असतात त्या याच. आपल्या संघाने त्यांपैकी एकीलाही आजवर या व्यासपीठावर बोलाविलेले नाही.

अध्यक्षमहाराज, आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून दरवर्षी ज्ञातीतील गुणवंतांना पारितोषिके दिली जातात. ती तशीच राहावीत. मात्र त्या निधीच्या व्याजातून एक रक्कम निराळी काढून आपल्या गावांतील एका अंगणवाडीस, ज्ञातीचा विचार न करता, दरवर्षी द्यावी, आणि त्या सेविकेचा सत्कार याच संमेलनात व्हावा, अशा आशयाचा ठराव मी लिहून आणला आहे. घटनेतील ‘ज्ञातीच्या हितार्थ’ या शब्दांवरून काही सभासद हरकत घेतील, याची मला कल्पना आहे. त्या शब्दांचा अर्थ काय करावयाचा, हेही सभेनेच ठरवावे. ठरावाची प्रत चिटणीसांकडे दिली आहे. अनुमोदनासाठी एका सभासदाची आवश्यकता आहे.