तळपायातून शिरणारा जंत

काळ्या चिखलात चप्पल रुतते, म्हणून चिखली-मेहकरकडं आपण निंदणाला अनवाणीच जातो. जिथं उघड्यावर शौचाला बसतात, तिथल्या ओल्या मातीतला आकडेकृमी तळपायाच्या कातडीतून शिरतो, आतड्याला चिकटतो आणि वर्षानुवर्षं रक्त पितो. पोट दुखेलच असं नाही. धाप लागते, चक्कर येते. आपण म्हणतो, कामानं थकलो. हिमोग्लोबिन 12 च्या खाली असेल तर लोहाच्या गोळ्या घ्याच, पण जंतांचंही विचारा. 1 ते 19 वर्षांच्या मुलांना जंतनाशक दिनी अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोल फुकट मिळतं. गरोदरपणी पहिले तीन महिने ते घेऊ नये. पुढं डॉक्टरांना विचारूनच. गोळीनं जंत पडतात, पण मातीतले पुन्हा शिरतात. म्हणून संडास वापरू, आणि यंदा गटाच्या बचतीतून रबरी बूट घेऊ.