विश्रांती किती आणि व्यायाम किती?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात दिलेले भाषण)



या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार वैद्याचा नव्हे, चुकलेल्या मुलाचा आहे. गावचे घर बंद करून आम्ही मातोश्रींना येथे आणले. दुसऱ्याच हिवाळ्यात त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी त्यांना आधाराने उभेही केले. घरी आल्यावर मात्र आमची माया आडवी आली. जेवण पलंगावर, पाण्याचा पेला हातात आणि 'आई, तू उठू नकोस' हा दिवसभराचा जप! दीड महिन्यानंतर हाड जुळत आले होते. पण मातोश्रींना उभे राहता येईना.

घरी आलेल्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी एवढेच विचारले, "आजींचे हात तर धड आहेत, मग पाणी तुम्ही का पाजता?" त्या प्रश्नाने आम्ही वरमलो.

अंथरूण किती झपाट्याने बळ हिरावून घेते, याची आपल्याला कल्पना नसते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात धडधाकट वृद्धांना १० दिवस अंथरुणावर ठेवले, तेव्हा त्यांच्या पायांतील सुमारे १ किलो मांस घटले. मग आजारी माणसाची काय कथा! परंतु गेलेले बळ उतारवयातही पुष्कळसे परत मिळवता येते. न्यूझीलंडमधील ओटागो येथे वृद्धांसाठी घरच्या घरी करावयाचा व्यायामक्रम तयार झाला. पायांचे बळ, तोल आणि चालणे एवढाच त्याचा गाभा; पण त्याने पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये वृद्धांना आठवड्यातून किमान ३ दिवस तोल व बळ वाढविणारा व्यायाम सुचविला आहे.

मातोश्रींचा क्रम साधा होता. प्रथम निजल्या निजल्या घोटे हलवणे आणि मांडीचे स्नायू आवळणे. मग हातांच्या खुर्चीवरून ५ वेळा उठणे-बसणे. पुढे ओट्याला धरून टाचा उचलणे. दुसऱ्या दिवशीही दुखणे टिकले तर थोडे कमी करायचे, सोसले तर थोडे वाढवायचे. पायावर भार किती द्यावा हे डॉक्टरांनीच ठरवायचे. छातीत दुखले वा चक्कर आली तर तत्काळ थांबून त्यांना कळवायचे.

तरुणांनाही दोन शब्द. 'पोक काढून बसू नकोस' असे आपण मुलांना बजावतो. पण ताठ बसूनही तासन्‌तास तसेच राहिले तर पाठ कुरकुरतेच. मधूनमधून उठावे, चार पावले टाकावीत, हेच अधिक हिताचे.

व्यायाम म्हणजे तालमीतील जोर-बैठका, अशी आपली समजूत. औंधच्या राजेसाहेबांनी सूर्यनमस्कार घरोघरी नेले, त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. परंतु पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी खुर्ची, पट्टा आणि लाकडी ठोकळा यांच्या आधाराने दुबळ्या देहांनाही आसने साध्य करून दिली, हेही विसरू नये. आधार घेणे म्हणजे हार नव्हे.

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील उतारवयात परक्या मुलखात येतात. येथे ना ओळखीचे अंगण, ना पारावरची बैठक. त्यांचे चालणे थांबले की त्यांचे जगच एका खोलीपुरते उरते. म्हणून मंडळाला आमची विनंती आहे : सभागृहाच्या पायऱ्यांना कठडा बसवावा, हातांच्या काही खुर्च्या घ्याव्यात आणि रविवारी सकाळचा अर्धा तास ज्येष्ठांच्या व्यायामाला द्यावा.

मातोश्रींना मांडी घालून बसणे पुन्हा जमले नाही. काठीही सुटली नाही. आमच्या मायेची ती किंमत त्यांनी मोजली. पण यंदा गणपतीच्या आरतीला त्या याच सभागृहात शेवटपर्यंत उभ्या होत्या. आम्ही खुर्ची पुढे केली, तेव्हा त्यांनी मानेनेच नको म्हटले. आणि या वेळी आम्ही ऐकले.