चालकाचे डोळे आणि चालकाची भाकरी
(पनवेल येथील भाषणाचा मजकूर)



पनवेल हे रस्त्यांचे गाव आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून निघतो, गोव्याकडे जाणारा महामार्ग पळस्प्याहून कोकणात उतरतो, जवाहरलाल नेहरू बंदरात उतरलेले कंटेनर याच परिसरातून देशावर चढतात आणि कळंबोलीच्या लोखंड बाजारात अहोरात्र मालाची चढउतार चालते. ही सारी वाहतूक अखेरीस ज्याच्या दोन डोळ्यांवर आणि दोन हातांवर चालते, त्या चालकाची दृष्टी व प्रकृती नियमाने तपासली जावी काय, हा प्रश्न आता पुढे आला आहे. कामगार चळवळीने त्याचे उत्तर निःसंदिग्ध शब्दांत दिले पाहिजे.

सध्याची व्यवस्था काय आहे, ते प्रथम पाहणे इष्ट ठरेल. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार परवाना मागणारा स्वतःच्या प्रकृतीविषयी एक प्रतिज्ञापत्र भरून देतो. दिवसाच्या चांगल्या उजेडात पंचवीस मीटर अंतरावरून मोटारीच्या क्रमांकाची पाटी ओळखता येते काय, रातांधळेपणा आहे काय, असे प्रश्न त्यात वर्षानुवर्षे विचारले जात आले आहेत. ज्याची रोजी त्या उत्तरावर अवलंबून आहे, त्यालाच हा प्रश्न विचारायचा आणि त्याचे उत्तर खरे मानून पुढे जायचे! शिवाय कंटेनर ओढणारा चालक बोरघाट चढतो तो बहुधा रात्री. दिवसाच्या उजेडातील पाटी वाचता आली म्हणजे समोरून येणाऱ्या दिव्यांच्या झोतात रस्त्याच्या कडेला बंद पडलेली गाडी दिसेलच, असे कोणता नेत्रवैद्य म्हणेल?

व्यावसायिक वाहनांच्या चालकाला परवाना घेताना व त्याचे नूतनीकरण करताना डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते, हे खरे. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने या परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली. धोकादायक माल वाहणाऱ्यांसाठी ती एक वर्षाची होती, ती तीन वर्षे झाली. कचेरीचे हेलपाटे कमी झाले याबद्दल चालकांची तक्रार असण्याचे कारण नाही. पण नूतनीकरणाबरोबर होणारी तपासणीही त्यामुळे लांबणीवर पडली, याचा विचार कोणी केला नाही. चाळिशीनंतर पाच वर्षांत डोळ्यांत पुष्कळ फरक पडतो. मोतीबिंदू हळूहळू वाढतो आणि समोरच्या दिव्यांचा झोत फाकून दिसू लागतो. काचबिंदूने बाजूची नजर आक्रसत जाते, आणि मधली दृष्टी शाबूत असल्याने ज्याला तो झाला त्यालाच ते उशिरा कळते. मधुमेह डोळ्यांच्या पडद्याला आतून इजा करतो. यांपैकी बहुतेक गोष्टी वेळीच ओळखल्या तर चष्म्याने, औषधाने किंवा शस्त्रक्रियेने सावरता येतात. दिल्लीच्या आयआयटीच्या सहकार्याने सुमारे ५०,००० मालमोटार चालकांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष जानेवारी २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि निम्म्याहून अधिक चालकांच्या दृष्टीत दोष आढळल्याचे त्यांत नमूद होते. ज्यांना केवळ चष्म्याची गरज आहे, असे किती चालक आज चष्म्यावाचून गाडी हाकत असतील, याची यावरून कल्पना यावी.

सरकारी नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. यांतील बहुसंख्य मृत्यूंपुढे ‘अतिवेग’ हे कारण लिहिले गेले. वेग हे कारण खोटे नाही. परंतु तो वेग कोणी ठरविला? खेपांच्या संख्येवर ज्याची कमाई ठरते, बंदराच्या दारात ज्याचे तासन् तास रांगेत जातात आणि ते तास ज्याला पुढे रस्त्यावर भरून काढावे लागतात, त्याच्या पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर त्याच्या एकट्याच्या मर्जीने दाबला जात नाही. म्हणून तपासणीची मागणी करताना कामाच्या तासांची मागणी सोडून देणे ही फसवणूक ठरेल. सोळा तास जागलेल्या माणसाला कोणताही चष्मा उपयोगी पडत नाही.

याच पनवेल जंक्शनमधून रेल्वेगाड्याही जातात. रेल्वेच्या इंजिन चालकाची दृष्टी नेमणुकीच्या वेळी कसोशीने तपासली जाते, पुढेही ठरावीक मुदतीने तपासली जाते आणि वय वाढेल तशी ही मुदत कमी होत जाते. त्या कसोटीस जो उतरत नाही, त्याला इंजिनावरून उतरवतात. पण नोकरीवरून काढून टाकत नाहीत, दुसरे काम देतात. ही व्यवस्था टिकली ती रेल्वे ही सार्वजनिक मालकीची संस्था आहे म्हणून आणि तेथील कामगार संघटित आहे म्हणून. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तर सरकारी आस्थापनांना स्पष्ट बंधन घातले आहे की, सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येणार नाही किंवा खालच्या पदावर ढकलता येणार नाही.

तरीही हा हक्क आपोआप मिळत नाही. तेलंगणातील एका एसटी चालकाला रंगांध ठरवून महामंडळाने सेवामुक्त केले. पर्यायी काम मिळण्यासाठी त्याला थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने त्याच्या बाजूने निर्णय दिला. सार्वजनिक महामंडळाच्या कामगाराची ही कथा, तर ज्याच्यापाशी नेमणुकीचा कागदही नाही, त्या खासगी ट्रेलरवरील चालकाने कोणाचे दार ठोठावावे?

प्रश्नाचे मर्म येथे आहे. तपासणीत नापास होणे म्हणजे चुलीवरचे भांडे उतरणे, असे जोवर समीकरण आहे, तोवर चालक आपला दोष लपवणारच. तो अप्रामाणिक आहे म्हणून नव्हे, तर घरी खाणारी तोंडे आहेत म्हणून. अशा परिस्थितीत तपासणी जितकी कडक करावी तितकी प्रमाणपत्रे विकत मिळण्याची सोय वाढेल. कागद पुरा होईल आणि डोळे तसेच राहतील.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने सर्वसाधारणपणे दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली होती. पाच कामगार असलेल्या वाहतूक व्यवसायालाही तो लागू होता. तो कायदा आता कामगार संहितेत विलीन झाला असून २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता अमलात आली आहे. तिच्यात आस्थापनेची किमान मर्यादा दहा कामगारांची आहे. दोन-चार गाड्यांच्या मालकाकडे राबणारा चालक तिच्या कक्षेबाहेर पडतो, आणि या धंद्यात असे लहान मालकच फार. याच संहितेत ठरवून दिलेल्या कामगारांची वार्षिक आरोग्य तपासणी मालकाने विनामूल्य करून द्यावी, अशी तरतूद आहे. ही तरतूद चांगली आहे. पण ज्याला तिची सर्वांत अधिक गरज आहे त्याच्यापर्यंत ती पोहोचली पाहिजे.

तेव्हा मागणी अशी असावी : व्यावसायिक वाहन चालविणाऱ्या प्रत्येक चालकाची वर्षातून एकदा डोळ्यांची, रक्तदाबाची व साखरेची तपासणी व्हावी आणि तिचा खर्च मालक व शासन यांनी उचलावा. तपासणीच्या दिवसाची मजुरी चालकाला मिळावी. चष्मा लागला तर तो तेथेच द्यावा. उपचाराने बरा होणाऱ्याला त्या काळात निर्वाहभत्ता मिळावा. जो पुन्हा गाडी चालवू शकणार नाही, त्याच्यासाठी गोदाम, आगार वा बंदरातील काम राखून ठेवावे. आणि यासाठी लागणारा निधी मालवाहतुकीवरील अल्पशा अधिभारातून उभा करावा. ज्या व्यापाऱ्याचा माल जातो, ज्या जहाज कंपनीचा कंटेनर जातो, त्यांनी या खर्चातून सुटण्याचे कारण नाही.

साधने नाहीत, ही सबब पनवेलमध्ये तरी टिकणार नाही. येथे उपजिल्हा रुग्णालय आहे, लक्ष्मी आय इन्स्टिट्यूट आणि शंकरा नेत्र रुग्णालय यांसारख्या संस्था आहेत, कामोठ्यात वैद्यकीय महाविद्यालय आहे. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर एक कायमचे तपासणी केंद्र चालविणे यांच्या आवाक्याबाहेरचे नाही. कार्यकर्त्यांनी ही मागणी प्रथम चालकांच्या टपऱ्यांवर, धाब्यांवर न्यावी. तपासणी ही परवाना हिरावण्याची युक्ती आहे, असा त्यांचा संशय असेल. तो रास्त आहे, आणि व्याख्यानाने तो जाणार नाही. पर्यायी काम आणि निर्वाहभत्ता यांची हमी लेखी मिळविल्याखेरीज एकाही चालकाला तपासणीच्या रांगेत उभे करू नये, आणि ती हमी मिळाल्यावर एकही चालक त्या रांगेबाहेर राहू नये, एवढे काम संघटनेने पत्करले पाहिजे.